‘मोकळी जमीन’ : गिरणगावातील एका शब्दाचा इतिहास

शब्दाचा अर्थ लावणे हे आपले, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांचे, काम आहे असे आपण मानतो. एखाद्या कवितेतील एका विशेषणावरून आपण तासन्‌तास वाद घालतो आणि तो वाद निरर्थक नाही, अशी आपली श्रद्धा असते. परंतु ज्या मजकुरांच्या अर्थावर लाखो माणसांचे राहणे, जगणे आणि उठून जाणे अवलंबून असते, त्या मजकुरांकडे मात्र आपण सहसा फिरकत नाही. राजपत्रे, विकास आराखडे, नियंत्रण नियमावल्या, आरक्षणाचे नकाशे हा सारा ऐवज वकिलांसाठी, वास्तुविशारदांसाठी आणि बिल्डरांसाठी, असे आपण गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका मजकुरातील एका शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. तो शब्द आहे ‘मोकळी जमीन’, आणि त्याची रंगभूमी आहे मुंबईचे गिरणगाव.

मराठीत ‘मोकळा’ हा शब्द किती प्रसन्न आहे! मोकळा श्वास, मोकळे रान, मोकळे मन, मोकळा वेळ. पण याच शब्दाची दुसरी बाजूही आपल्या भाषेत आहे. एखाद्याला नोकरीवरून काढले की ‘त्याला मोकळा केला’ असे आपण म्हणतो, आणि अंगावरची जबाबदारी झटकून टाकणारा माणूस ‘हात मोकळे करून घेतो’. गिरणगावात १९८२ नंतरच्या पंचवीस वर्षांत या दोन्ही अर्थांनी माणसे आणि जमिनी मोकळ्या झाल्या. माणसे कशी मोकळी झाली, हे आपल्या साहित्याने सांगितले आहे. जमीन कशी मोकळी झाली, आणि मोकळी म्हणजे नेमकी कोणती याचा निर्णय कोणी व कसा केला, ही कहाणी मात्र आपल्या वाचनाच्या कक्षेबाहेर राहिली. ती कक्षेत आणावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

शब्दाने जमिनीचे भवितव्य ठरवण्याची रीत मुंबईत नवी नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्ध्या शतकात ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्या दाटल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी चाळी भरल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, त्यांच्या खानावळी, भजनी मंडळे, गावकीच्या खोल्या असा एक संसार उभा राहिला. तो कोणत्याही आराखड्यातून उभा राहिलेला नव्हता. गिरणीच्या भोंग्याला जेवढ्या अंतरावर राहणे परवडेल तेवढ्या अंतरावर माणसे राहिली, एवढेच त्याचे नियोजन.

नियोजन आले ते प्लेगबरोबर. १८९६ च्या साथीने राज्यकर्ते हादरले आणि १८९८ मध्ये कायदा करून मुंबई शहर सुधारणा न्यास, म्हणजेच इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. या न्यासाच्या हाती जे सर्वांत प्रभावी हत्यार होते ते शब्दाचेच होते. एखादी वस्ती ‘अनारोग्यकारक’ ठरली की ती पाडता येत असे. न्यासाने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतींची पायाभरणी केली आणि हवेशीर शहराची एक कल्पना मुंबईला दिली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु जितक्या खोल्या पाडल्या तितक्या गरिबांसाठी बांधल्या गेल्या नाहीत, ही टीका त्याच्या हयातीतच झाली आणि नंतरच्या इतिहासकारांनीही ती उचलून धरली. पाडलेल्या वस्तीतला माणूस नव्या वसाहतीत गेला नाही. तो शेजारच्या आधीच भरलेल्या चाळीत गेला. एका गल्लीतले अनारोग्य दुसऱ्या गल्लीत हलले.

१९२० मध्ये सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे या खात्याने बांधलेल्या चाळींना आजही लोक बीडीडी चाळी म्हणतात. एकूण दोनशे सात इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे एकशे साठ चौरस फुटांची. सरकारने कामगारासाठी घर बांधायचे म्हणजे किती आणि कसे बांधायचे, याचे माप त्या खोलीने घालून दिले. आपल्याला पुढे दिसेल की शतक उलटत आले तरी हे माप फारसे वाढले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. मालकाला डागडुजीत रस उरला नाही. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि शहराच्या जमिनीचा प्रत्येक तुकडा नकाशावर कोणत्या ना कोणत्या रंगात रंगवणे ही रीतसर प्रक्रिया झाली. गिरण्यांच्या जमिनींवर ‘औद्योगिक’ हा रंग चढला. या रंगाचा अर्थ असा की तेथे कापड विणता येईल, घर बांधून विकता येणार नाही. गिरणीची जमीन ही मालकाची खरी, पण तिची किंमत गिरणी चालण्यापुरतीच होती. रंग बदलला तर त्याच मातीची किंमत अनेक पटींनी वाढणार होती. आणि रंग बदलण्याचा अधिकार मालकाच्या नव्हे, शासनाच्या हाती होता. पुढच्या साऱ्या कहाणीचे मूळ या एका वाक्यात आहे. ज्या वाढीव किमतीसाठी मालकाने एक विटही रचली नव्हती, ती वाढ कोणाची?

२

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, त्याही अनेक कामगारांना बाहेर ठेवून. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. पूर्वीच्या राष्ट्रीयीकरणातील गिरण्या धरून नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनकडे मुंबईतील पंचवीस गिरण्या आल्या. खाजगी आणि सरकारी मिळून अठ्ठावन्न गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. बेटाच्या मध्यभागी, दोन रेल्वेमार्गांच्या बेचक्यात, सलग म्हणता येईल अशी एवढी जमीन पुन्हा मिळणे अशक्य होते.

या पार्श्वभूमीवर १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातील ५८ क्रमांकाचा नियम हा आपला मूळ मजकूर आहे. आजारी किंवा बंद गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर तिची वाटणी कशी व्हावी, याचे एक कोष्टक त्यात होते. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीबाबत तेहतीस टक्के जमीन महापालिकेला उद्याने व मैदानांसाठी, सत्तावीस टक्के म्हाडाला सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि चाळीस टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टरपर्यंत हेच प्रमाण अनुक्रमे तेहतीस, चौतीस व तेहतीस. दहा हेक्टरच्या वर तेहतीस, सदतीस व तीस. थोडक्यात ढोबळमानाने एक तृतीयांश शहराच्या श्वासासाठी, एक तृतीयांश सामान्यांच्या निवाऱ्यासाठी, एक तृतीयांश मालकासाठी. गिरणगावात या नियमाला लोक ‘एक-तृतीयांशाचा फॉर्म्युला’ म्हणू लागले, आणि त्याच नावाने तो चळवळीच्या भाषेत रुजला.

कोष्टक म्हणून हे सुबक होते. त्यात एक नैतिक विधानही दडलेले होते: जमिनीचा रंग शहर बदलून देत असेल, तर रंग बदलल्याने येणाऱ्या लाभात शहराचा वाटा असला पाहिजे. पण कोष्टकाच्या वरच्या ओळीत जे शब्द होते त्यांकडे त्या वेळी फार थोड्यांचे लक्ष गेले. वाटणी व्हायची होती ती ‘मोकळ्या जमिनींची आणि शिल्लक चटईक्षेत्राची’. मूळ शब्द अर्थातच इंग्रजी होते. हे मराठी रूप आम्ही दिलेले आहे. ज्यांच्या आयुष्याची वाटणी होत होती त्यांच्या भाषेत तो नियम जन्मला नव्हता, हेही नोंदवून ठेवावे.

या नियमाला एक दुसरे दार होते. गिरणीच्या उभ्या असलेल्या इमारती न पाडता त्यांचा काही भाग अन्य उपयोगासाठी वापरण्यास परवानगी मिळू शकत होती. मालकांना हे दार सोयीचे वाटले यात नवल नाही. वाटणी करून दोन हिस्से देऊन टाकण्यापेक्षा जुन्या खात्यांतच नवी दुकाने, कार्यालये आणि करमणुकीची ठिकाणे थाटणे फायद्याचे होते. नव्वदच्या दशकात लोअर परळच्या काही गिरण्यांच्या दगडी भिंतींआड हेच घडले. चिमणी तशीच राहिली, तिच्या पायथ्याशी गाड्या उभ्या राहू लागल्या. जमीन मात्र ना उद्यानाला मिळाली, ना घरांना.

१९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनच्या गिरण्या एकेकट्या न पाहता त्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करावा, हा या गटाच्या कामाचा गाभा होता. सुटे सुटे तुकडे जोडले तर मोठी मैदाने, रेल्वे स्थानकांलगत मोकळ्या जागा, रोजगार आणि घरे यांची एकसंध आखणी शक्य होती. तुकड्यातुकड्याने पाहिले तर प्रत्येक गिरणीच्या कोपऱ्यात एक टीचभर बाग, एवढेच हाती लागणार होते. हा अहवाल अमलात आला नाही. शहराच्या नियोजनाच्या इतिहासात अमलात न आलेल्या कागदांना एक वेगळेच महत्त्व असते; काय होऊ शकत होते याचा पुरावा ते देतात, आणि त्यामुळे जे झाले ते अपरिहार्य नव्हते हेही कळते.

३

२० मार्च २००१ रोजी ५८ क्रमांकाचा नियम बदलण्यात आला. शासनाची भूमिका अशी की १९९१ च्या नियमाखाली मालक पुढे येतच नाहीत, त्यामुळे ना कामगारांची थकबाकी भागते, ना बँकांची देणी, ना शहराला जमीन मिळते. तेव्हा मालकाला आकर्षक वाटेल असे काही दिले पाहिजे. हा युक्तिवाद पूर्णतः पोकळ नव्हता. दहा वर्षांत एक-तृतीयांशाचे सूत्र बहुतांशी कागदावरच राहिले होते, हे खरे होते. प्रश्न एवढाच की बंद दार उघडण्यासाठी दाराची कडी काढायची की भिंतच पाडायची.

नवा नियम वरवर वाचणाऱ्याला जुन्यासारखाच दिसला असता. कोष्टक तेच, टक्केवारी तीच. कामगारांच्या घरांची तरतूदही आता अधिक ठसठशीत झाली होती. बदल झाला होता तो वाटणीच्या आधीच्या पायरीवर. जुनी बांधकामे पाडून तेवढेच बांधकाम नव्याने करण्याची मुभा मालकाला मिळाली, आणि अशा पाडलेल्या बांधकामाखालची जमीन वाटणीत धरायची नाही असे ठरले. वाटणी फक्त त्या जमिनीची, जी आधीपासूनच मोकळी होती.

याचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक हिशोब मांडू, आणि तो मुद्दाम सोपा करू. समजा, एक गिरणी पंधरा एकरांची आहे. तिच्या बारा एकरांवर खाती पसरलेली आहेत आणि तीन एकर अंगण रिकामे आहे. पंधरा एकर म्हणजे सहा हेक्टरांच्या आसपास. तेव्हा कोष्टकातील मधली ओळ लागू होईल. सगळ्या पंधरा एकरांची वाटणी केली तर महापालिकेला आणि म्हाडाला प्रत्येकी सुमारे पाच एकर मिळतात आणि मालकाकडे पाच एकर उरतात. फक्त तीन एकरांची वाटणी केली तर महापालिकेला एक, म्हाडाला एक आणि मालकाकडे तेरा. कोष्टकातील एकही आकडा न बदलता पाच एकरांचा एक एकर होतो. मैदानाच्या जागी बाकडी टाकलेला एक कोपरा उरतो.

येथे गिरणीच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. सूतकताईची खाती मजल्यांवर असत, पण विणाईचे साचेखाते बहुधा एकमजली असे. शेकडो मागांचे हादरे वरचा मजला कसा सोसणार? शिवाय धागा पाहायला सारखा, सावली न पाडणारा उजेड हवा, म्हणून करवतीच्या दातांसारखी छपरे करून उत्तरेकडून प्रकाश घेतला जाई. अशी बैठी, पसरट खाती जमिनीचा फार मोठा भाग व्यापत. ज्या छपराने विणकराला उजेड दिला, त्याच छपराने त्याच्या घराची जमीन झाकून टाकली. छपराखालची जमीन ती ‘बांधलेली’ आणि छपराबाहेरची ती ‘मोकळी’, असा अर्थ लावल्यावर वाटणीला उरणार तरी काय?

४

२००५ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनने आपल्या गिरण्या विकायला काढल्या. त्या वर्षी पाच गिरण्यांची विक्री होऊन दोन हजार कोटींहून अधिक रुपये उभे राहिले. त्यात लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल मिल एकटी सातशे दोन कोटींना गेली. दुसरीकडे, ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने २००१ च्या नियमाला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले. त्याच वर्षीच्या २६ जुलैच्या पुराने मोकळ्या जमिनीचा शहराशी असलेला संबंध मुंबईकरांना प्रत्यक्षच दाखवला होता.

१७ ऑक्टोबर २००५ रोजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल वाचनाचा एक नमुना म्हणून पाहावा असे आम्हांला वाटते. न्यायालयाने नियम रद्दबातल ठरवला नाही. त्याने तो वेगळ्या रीतीने वाचला. ‘मोकळी जमीन’ म्हणजे बांधकाम पाडल्यानंतर मोकळी होणारी जमीनसुद्धा, असा अर्थ त्याने लावला. शहराच्या हवेचा, मैदानांचा आणि निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तेव्हा ज्या अर्थाने हा हक्क टिकतो तोच अर्थ शब्दाला दिला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच्या हेतूतून आणि संदर्भातून काढणे.

७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा आणि न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर यांच्या पीठापुढे तोच शब्द होता. या न्यायालयाने नियमाची अंतर्गत रचना पाहिली. पाडलेल्या बांधकामाखालची जमीनही वाटणीत आणायची असती, तर पुनर्बांधणीची वेगळी मुभा देण्याचे प्रयोजनच उरले नसते. नियमकर्त्याने जे जाणूनबुजून वगळले ते न्यायालयाने अर्थ लावण्याच्या नावाखाली परत आणू नये. आजारी गिरण्यांचे पुनर्वसन, कामगारांची थकबाकी, वित्तसंस्थांची देणी या साऱ्यांचा समतोल शासनाने साधला आहे आणि तो शासनाचा प्रांत आहे. म्हणजे शब्दाचा अर्थ मजकुराच्या चौकटीत राहून काढणे.

आपल्या वर्गांत आपण ज्याला संहितानिष्ठ वाचन म्हणतो आणि ज्याला संदर्भनिष्ठ वाचन म्हणतो, त्या दोन पद्धती येथे समोरासमोर उभ्या होत्या. फरक एवढाच की आपल्या वादानंतर कविता होती तेथेच राहते. या वादानंतर शेकडो एकर जमीन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. केवळ शब्दार्थाच्या कसोटीवर पाहिले, तर दुसऱ्या वाचनाला तर्काचा आधार आहे हे मान्य करावे लागते. २००१ चा नियम ज्यांनी लिहिला त्यांना नेमके तेच म्हणायचे होते. म्हणूनच आमचा आक्षेप न्यायालयाच्या वाचनाहून अधिक त्या लेखनावर आहे. १९६६ च्या अधिनियमातील ३७ वे कलम मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करू देते, आणि तेही आराखड्याचे स्वरूप बदलणार नसेल तरच. पाचाचे एक करणारा बदल हा किरकोळ फेरबदल कसा, हा प्रश्न याचिकेत होता. कायद्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर मिळाले. इतिहासाच्या दृष्टीने ते मिळाले आहे असे आम्हांला वाटत नाही.

या वादात एक गोष्ट सोयीने विसरली जाते. कामगारांची बाजू एकसंध नव्हती. थकीत पगार, ग्रॅच्युइटी आणि नुकसानभरपाई वर्षानुवर्षे अडकलेल्या माणसाला गिरणी लवकर विकली जाणे हवे होते. त्याला मैदान नको होते असे नाही. त्याला आधी वाणसामानाची उधारी भागवायची होती. पर्यावरणवाद्यांचा मोकळा श्वास आणि कामगाराचा थकलेला पगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात नियमाच्या नव्या रचनेला यश आले, आणि हेच तिचे खरे कर्तृत्व. मूळ कोष्टकात उद्यान आणि घर हे शेजारी होते. ते एकमेकांचे वाटेकरी नव्हते.

५

त्यानंतर काय झाले? दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी घरांचा प्रश्न चिकाटीने लावून धरला. २८ जून २०१२ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत काढली. घरे होती ६,९२५. पुढे २०१६ मध्ये आणि २०२० मध्ये आणखी सोडती निघाल्या. २०२० च्या मार्चमधील सोडतीत ३,८९४ घरे होती. अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस मात्र पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. पहिल्या सोडतीतील घर सव्वादोनशे चौरस फुटांचे होते. बीडीडी चाळीतील एकशे साठ चौरस फुटांची खोली आठवून पाहावी: नव्वद वर्षांची प्रगती पासष्ट चौरस फुटांची! उरलेल्यांना मुंबईबाहेर, शेलू आणि वांगणीच्या बाजूला घरे देण्याचा बेत शासनाने पुढे केला, तेव्हा कामगारांच्या संघटनांनी त्याला विरोध केला; घर मुंबईतच हवे, कारण घाम मुंबईत गाळला आहे, असे त्यांचे म्हणणे. इस्वलकर २०२१ मध्ये गेले. सोडतीची वाट पाहता पाहता गेलेल्या कामगारांची गणती कोण करणार?

जमिनीचे काय झाले हे तर डोळ्यांसमोरच आहे. प्रत्येक गिरणीचा विकास तिच्या कुंपणाच्या आत झाला. कुंपणाबाहेरच्या गल्ल्या गिरणीच्या पाळीला पुरतील एवढ्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत चौदा जणांचा बळी गेला. या दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणे निराळी होती, आणि त्यांचा सारा दोष एका नियमावर टाकणे अन्यायाचे होईल. पण जेथे लाखो नवी माणसे रोज कामाला येणार, तेथे रस्ते, पूल आणि मोकळ्या जागा यांचा एकत्र विचार व्हावा, हे १९९६ मध्येच सांगितले गेले होते.

एका गिरणीची गोष्ट निराळी झाली. दादरच्या चैत्यभूमीलगतची इंदू मिल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी द्यावी ही मागणी आंबेडकरी चळवळीने रेटली. २०१२ मध्ये केंद्र सरकारने ती मान्य केली. सुमारे बारा एकरांची ही जमीन संपूर्णपणे सार्वजनिक झाली. कोष्टकाने जे दिले नाही ते लोकांच्या आग्रहाने मिळवले. गिरणगावच्या जमिनीवर लोकांचा हक्क सांगता येतो आणि तो मान्यही होतो, याचे हे उदाहरण आहे. मागणी करणाऱ्यांना जमिनीचे नाव माहीत होते, तिचा उपयोग काय व्हावा हेही माहीत होते.

६

आता आपल्या साहित्याकडे वळू. गिरणगावाने मराठीला काय दिले हे नव्याने सांगण्याची गरज नाही. नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे यांच्या लेखनाने कामगाराला कवितेच्या आणि कथेच्या केंद्रस्थानी आणले. संपानंतरची पडझड जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने रंगभूमीवर आणली, आणि पुढे त्यांच्या कथासंग्रहाने आपल्या नावातच ‘फिनिक्स’ हा शब्द घेतला. जी गिरणी मॉल झाली तिचे नाव फिनिक्सच असावे, हा योगायोग मराठी वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात गिरणगावाची माणसे स्वतः बोलतात. हा वारसा मोठा आहे.

परंतु हा वारसा आपण वाचतो कसा? बहुधा शोकांतिका म्हणून. संप हा तिचा उत्कर्षबिंदू, डॉ. सामंतांचा १९९७ मधील खून हा उपसंहार, आणि मॉल हा नियतीचा विनोद. या वाचनात गिरणगाव १९८२ मध्ये मरते आणि त्यानंतरचे सारे केवळ उत्तरक्रिया ठरते. आमच्या मते हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे, आणि ते एका पक्षाच्या सोयीचेही आहे. संप हरला म्हणून जमीन गेली असे म्हटले की मधली चोवीस वर्षे गळून पडतात. वस्तुतः संपानंतर नऊ वर्षांनी शासनानेच दोन-तृतीयांश जमीन लोकांसाठी राखण्याचे सूत्र लिहिले होते. संप हरल्यानंतरही जमीन जाणे ठरलेले नव्हते. ती गेली २००१ मध्ये, एका नियमाच्या फेरलेखनात. आणि त्या दिवशी लालबागमध्ये मोर्चा निघाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही, कारण मोर्चा काढावा असे त्या मजकुरात वरवर काही दिसतच नव्हते. आकडे तर तेच होते.

नियतीवर ढकललेली गोष्ट पुन्हा तपासता येत नाही. कोणीतरी लिहिलेली गोष्ट तपासता येते. एवढ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. आराखड्यावर आणि त्यातील फेरबदलांवर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद कायद्यात आहे. जाहिरात वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते, मुदत ठरावीक असते आणि ती संपते. त्या मुदतीत मजकूर वाचणारे कोण असतात? ज्यांचा त्यात पैसा असतो ते. ज्यांचे त्यात घर असते त्यांच्यापर्यंत तो मजकूर पोचतो तेव्हा तो मजकूर राहिलेला नसतो; तो बुलडोझर झालेला असतो.

शब्दांवर प्रेम करणाऱ्यांनी आणि शब्द वाचायला शिकवणाऱ्यांनी या मजकुरांना हात लावला पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी. कलमाच्या वरच्या ओळीत काय आहे, व्याख्येत कोणता शब्द आला आणि कोणता वगळला, ‘किरकोळ’ म्हणजे किती, ‘सार्वजनिक’ म्हणजे कोण, ‘मोकळी’ म्हणजे केव्हापासून, हे प्रश्न विचारायला नगररचनेची पदवी लागत नाही. सावध वाचनाची सवय लागते, आणि ती आपल्याकडे आहे. आज पुण्याच्या टेकड्यांवर, ठाण्या-कल्याणच्या खाडीकाठावर, नाशिकच्या मळ्यांत आणि गोव्याच्या शेतजमिनींवर नकाशाचे रंग बदलत आहेत. प्रत्येक ठिकाणी एक कोष्टक आहे आणि कोष्टकाच्या वर एक ओळ आहे. आधी ती ओळ वाचावी.